दंडावरची चकती आणि चौदा दिवसांचा हिशोब

गेल्या वर्षी माझे शुगरचे रिपोर्ट मोठे चमत्कारिक आले. उपाशीपोटी १३२, जेवणानंतर दोन तासांनी १६८, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी मात्र ८.२. डॉक्टरांनी कागद दोनदा उलटून पाहिला आणि विचारलं, "एरवी काय खाता?" मी म्हटलं, "काही नाही हो, साधंच." ते हसले आणि म्हणाले, "मग एकदा सेन्सर लावून बघू या." सेन्सर म्हणजे दंडावर चिकटवायची, चौदा दिवस सतत शुगर मोजत राहणारी चकती.

चौदा दिवसांत चोर सापडला. एक नाही, दोन. पहिला म्हणजे संध्याकाळी स्टेशनवरून घरी आल्या आल्या होणारा चहा-खारीचा कार्यक्रम. दुसरा, रात्री पावणेदहाचं जेवण. त्या जेवणाने चढलेली शुगर पहाटे दोन-अडीचपर्यंत दोनशेच्या खाली यायलाच तयार नसायची. सकाळी सातला लॅबचा मुलगा रक्त घ्यायला यायचा तोवर ती गुपचूप १३० च्या आसपास येऊन बसलेली असायची. लॅबचा आकडा म्हणजे पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर. एरवी घरात काय पसारा असतो ते त्यातून कळत नाही.

त्यानंतर मी स्वतः तीन सेन्सर वापरले आणि इन्सुलिनवर असलेल्या ७८ वर्षांच्या आईलाही लावले. त्यात बरंच चुकले, थोडे पैसे वाया घालवले. पुढचं सगळं त्या अनुभवातून आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जमा झालेलं आहे. मुख्य सांगणं एवढंच, की सेन्सर हे औषध नाही. तो लावून दिवसभर मोबाईलमधला आकडा बघत बसलं तर फक्त जीव टांगणीला लागतो. चौदा दिवसांत काय शोधायचं ते आधी ठरवलं तर मात्र पै न पै वसूल होते.

हा नेमकं मोजतो काय?

दंडाच्या मागच्या बाजूला दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठी, पांढरी चकती बसते. तिच्या पोटातून केसासारखी बारीक, लवचिक तार साधारण पाच मिलिमीटर कातडीखाली जाते. तारेच्या टोकाला एन्झाइम असतं. ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की अगदी सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. घरी बोट टोचून शुगर बघायच्या यंत्राच्या, म्हणजे ग्लुकोमीटरच्या, स्ट्रिपवरही साधारण हेच घडतं.

फरक एकच, आणि तो नीट लक्षात ठेवायचा. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. पेशींभोवती जे पाणी असतं त्यातली मोजतो. साखर आधी रक्तात वाढते, मग तिथे झिरपते, म्हणून सेन्सरचा आकडा रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. शुगर स्थिर असेल तेव्हा हे मागे राहणं जाणवत नाही. जेवणानंतर किंवा चालून आल्यावर शुगर भराभर बदलत असेल, तर बोट टोचून १९० आणि सेन्सरवर १६५ असं दिसू शकतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

शिवाय यंत्र म्हटलं की चूक आलीच. आजच्या चांगल्या सेन्सरची सरासरी चूक नऊ टक्क्यांच्या आसपास असते. ग्लुकोमीटरही काही धर्मराज नाही. त्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातच १०० च्या वरच्या शुगरला १५ टक्के इकडे-तिकडे चालतं असं धरलेलं आहे. त्यामुळे "मीटर १४२ दाखवतंय आणि सेन्सर १५१, म्हणजे सेन्सर खराब" असा वाद घालू नका. मी घातलाय, केमिस्टशी, भर दुकानात.

लावायचा कोणी?

टाइप वन मधुमेह (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेली मुलं आणि मोठी माणसं, दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणारे, आणि शुगर लो झाली तरी ज्यांना घाम, थरथर, धडधड असलं काही जाणवतच नाही अशी माणसं: यांना हा कायमचा लागला तर उत्तम. गरोदरपणात शुगर असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस. फक्त गोळ्यांवर असलेल्या माझ्यासारखीला वर्षभर लावायची काही गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. एका सेन्सरला साधारण चार-पाच हजार पडतात. वर्षभर लावायचं तर २६ सेन्सर, म्हणजे हिशोब सव्वा लाखाच्या घरात जातो. वर्षातून तीन-चार वेळा, मुद्दाम वेळ निवडून लावले तरी भरपूर कळतं.

आणखी एका गटाला याचा फार उपयोग होतो: ज्यांचं एचबीएवनसी मुळातच भरवशाचं नसतं. ती तपासणी लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते, म्हणजे लाल पेशींचं गणित बिघडलं की उत्तर बिघडलं. लोह कमी असलेल्या बायकांमध्ये आकडा खोटाच वर जाऊ शकतो. सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार असेल, जो विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात बराच आढळतो, तर त्या आकड्यावर विसंबताच येत नाही. डायलिसिसवर असलेल्यांचंही तेच. अशा वेळी चौदा दिवसांचा आलेख जास्त खरं बोलतो.

आपल्याकडे हा प्रश्न किती घरांत आहे ते वेगळं सांगायला नको. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत देशात मधुमेहाचे १०.१ कोटी लोक आहेत असा अंदाज निघाला, आणि प्रमाणात पहिला नंबर गोव्याचा, २६.४ टक्के.

घड्याळ आणि अंगठीच्या नादाला लागू नका

दीड-दोन हजारांत "न टोचता शुगर सांगणारं" स्मार्टवॉच मिळतं, आणि कुणीतरी भाचा ते वाढदिवसाला आणतोच. ते पावलं मोजायला ठेवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने जाहीर इशारा दिला होता की कातडी न टोचता शुगर मोजल्याचा दावा करणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं. सेन्सरचा आकडा ब्लूटूथने घड्याळावर *दिसणं* वेगळं, आणि घड्याळाने तो *मोजणं* वेगळं. दुकानदार या दोन गोष्टींची बेमालूम सरमिसळ करतात.

घड्याळाचा प्रयत्न झालाच नाही असंही नाही. २००१ मध्ये अमेरिकेत 'ग्लुकोवॉच' नावाचं मंजुरी मिळालेलं घड्याळ आलं होतं. ते सौम्य विजेच्या प्रवाहाने कातडीतून ग्लुकोज ओढून घ्यायचं. मनगटाला खाज आणि चट्टे उठायचे. काही वर्षांत ते बंद पडलं.

विकत घेण्याआधी

सेन्सरची नावं बरीच ऐकायला येतात. ॲबटचा फ्रीस्टाइल लिब्रे आपल्याकडे जास्त परिचित, डेक्सकॉम आणि मेडट्रॉनिकचे परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांच्या अंगावर जास्त दिसतात. कोणता घ्यायचा ते डॉक्टर आणि खिसा मिळून ठरवतील. तुम्ही मात्र चार गोष्टी विचारा: किती दिवस चालतो, लो झाल्यावर आपणहून अलार्म देतो की फोन जवळ नेल्यावरच आकडा दाखवतो, आपल्या फोनवर त्याचं ॲप चालतं का, आणि घरातल्या दुसऱ्याच्या फोनवर आकडा दिसेल का.

फोनचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. मी पहिला सेन्सर आणून टेबलावर ठेवला आणि मग कळलं की माझ्या फोनवर ते ॲप चढतच नाही. कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या फोनची यादी असते, ती पाहूनच पैसे द्या. आणखी एक, सेन्सर ज्या फोनने सुरू केला त्याच्याशीच तो बांधला जातो. मुलाच्या फोनवर "जरा बघू" म्हणून सुरू केला आणि मुलगा दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला, तर बसा हात चोळत.

एक्स्पायरीची तारीख बघा. डबा साधारण ३० अंशांच्या आत राहायला हवा, म्हणून एप्रिल-मे महिन्यात नागपूर-जळगावकडे कुरिअरने मागवण्यापेक्षा एसी असलेल्या केमिस्टकडून आणलेला बरा. गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात ठेवू नका.

तारीखही निवडा. लग्नसराईतले किंवा गणपतीतले चौदा दिवस पहिल्या सेन्सरसाठी नकोत. आधी रोजचं आयुष्य कळू दे. एक्स-रे, सीटी किंवा एमआरआय ठरलेला असेल तर तो झाल्यावरच लावा, कारण बऱ्याच सेन्सरना अशा तपासणीआधी काढावं लागतं.

लावताना

1. आंघोळ करून घ्या. त्या दिवशी दंडाला तेल, क्रीम, पावडर काही नको. साबणही साधाच, मलईवाला नको. माझा एक सेन्सर खोबरेल तेलाने गेला. रविवारच्या मालिशीनंतर नुसतं पुसून लावला होता, तिसऱ्या दिवशी कड सुटली.

2. जागा म्हणजे दंडाची मागची बाजू, जिथे थोडं मांस आहे. तीळ, व्रण, गाठ टाळा. इन्सुलिन दंडात घेत असाल तर त्या जागेपासून किमान एक इंच लांब. बायकांनी आरशासमोर रोजचा ब्लाउज किंवा कुर्ता घालून बाहीची शिवण नेमकी कुठे येते ते बघून ठेवावं. सेन्सर पूर्ण बाहीच्या आत जाऊ दे किंवा पूर्ण बाहेर राहू दे. शिवण मधोमध आली की दिवसभर घासत राहते.

3. ज्या कुशीवर झोपता तो दंड सोडून दुसरा घ्या. याचं कारण पुढे येईल.

4. केस दाट असतील तर रेझरने काढा. स्पिरिटच्या पट्टीने जागा पुसा आणि *पूर्ण* वाळू द्या. फुंकर मारायची नाही.

5. सेन्सर आणि तो बसवायचं यंत्र वेगवेगळं आलं असेल, तर दोन्हींवरचा नंबर एकच आहे का बघा, खुणेला खूण लावून दाबा. एकदा तयार झाल्यावर झाकण परत लावायचं नाही, आतली सुई बिघडते.

6. हात सैल सोडा. यंत्र दंडावर सपाट टेकवून ठामपणे दाबा, खट् असा आवाज येतो. दोन-तीन सेकंद थांबून सरळ ओढून घ्या. सुई यंत्राबरोबर बाहेर येते, आत फक्त तार राहते. दुखतं किती? इन्सुलिनच्या सुईच्या चतुर्थांश. आई तर विचारत होती, "अगं, लावलास का? कधी?"

7. चिकटपट्टीची कड बोटाने गोल फिरवून दाबा. रक्ताचा थेंब दिसला तर घाबरू नका. थांबतच नसेल तर काढून टाका.

8. ॲपमध्ये सुरू करा. प्रकाराप्रमाणे अर्धा तास ते एक-दोन तास तो तयार व्हायला घेतो.

पहिल्या दिवशीच्या आकड्यांवरून कुठलाही निष्कर्ष काढू नका. कातडीला नुकतीच इजा झालेली असते, आकडे कमी-जास्त येतात. मी आता संध्याकाळी लावते आणि दुसऱ्या दिवसापासूनच वही उघडते.

पाणी, घाम, गर्दी

आंघोळ चालते. लिब्रेसारखा सेन्सर मीटरभर पाण्यात अर्धा तास राहू शकतो. टॉवेलने खसाखसा पुसणं मात्र सोडा, टिपून घ्या. खरा शत्रू पाणी नाही, गर्दी आहे. सकाळच्या ७.५० च्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात दाराशी उभं राहून खांद्यावरची पर्स फिरवली की सेन्सर पर्सच्या पट्ट्याबरोबर हातात येतो. माझा नवव्या दिवशी आला. तेव्हापासून पर्स दुसऱ्या खांद्यावर. वर लावायला वेगळ्या चिकटपट्ट्या मिळतात. चकतीच्या मधलं भोक झाकणार नाही अशीच घ्या.

चौदा दिवस कसे वाटून घ्यायचे

पहिले तीन-चार दिवस काहीही बदलायचं नाही. हे सगळ्यात अवघड जातं. आलेख चढताना दिसला की हातातली जिलेबी आपोआप खाली ठेवली जाते, आणि मग ते चौदा दिवस खोटे होतात. त्यामुळे या दिवसांत नेहमीचंच खा आणि लिहून ठेवा: काय खाल्लं, किती, किती वाजता, कुठली गोळी कधी, चाललात किती, झोप कशी, भांडण झालं का. हो, भांडणसुद्धा. सोसायटीच्या मीटिंगनंतर काहीही न खाता माझी शुगर चाळीसने वर गेली होती.

पुढचे आठ-नऊ दिवस प्रयोगाचे. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. पोहे बंद केले, चालायला लागलात आणि गोळीची वेळही बदलली, तर फरक कशाने पडला ते देवालाच ठाऊक.

माझ्या वहीतला एक प्रयोग सांगते. सकाळी साडेआठला एक मोठी वाटी कांदेपोहे आणि साखर घातलेला चहा. आधी १३८, पन्नास मिनिटांनी २३६. दोन दिवसांनी तेच पोहे, अर्धी वाटी, त्यात मूठभर मटार-शेंगदाणे, आधी वाटीभर मटकीची उसळ, चहा बिनसाखरेचा. आधी १३४, वर गेली ती १७९ पर्यंत. तिसऱ्या वेळी पुन्हा मोठी वाटी, पण खाल्ल्यावर लगेच गच्चीवर पंधरा मिनिटं चकरा: १९८. म्हणजे माझ्या बाबतीत पोहे गुन्हेगार नाहीत, वाटी गुन्हेगार आहे. तुमचं उत्तर वेगळं येईल. आमच्या शेजारच्या काकांना ज्वारीची भाकरी मानवते, मला चपाती आणि भाकरीत फारसा फरक दिसला नाही. "भाकरीने शुगर वाढत नाही" हे वाक्य मी आता कुणालाच सांगत नाही.

करून बघण्यासारखे काही प्रयोग: तोच वरण-भात, पण आधी कोशिंबीर आणि भाजी संपवून मग भात. तेच रात्रीचं जेवण, पण दोन तास लवकर. साबुदाण्याची खिचडी एकदाच, म्हणजे एकादशीला काय होतं ते डोळ्यांनी दिसेल. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असाल तर उपवासाचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि शेवटचे दोन दिवस, जे जमलं तेच सलग करून बघा. ते दोन दिवस बघून कळतं की हे पुढे झेपणार आहे का.

आकडा नाही, रेघ वाचा

आकड्याशेजारी बाण असतो. आडवा बाण म्हणजे शुगर जवळपास जागेवर. तिरका म्हणजे मिनिटाला एक-दोनने सरकतेय. उभा म्हणजे दोनपेक्षा जास्त वेगाने. त्यामुळे ११० आणि उभा खाली बाण हे १८५ आणि आडव्या बाणापेक्षा जास्त काळजीचं आहे, कारण पंधरा-वीस मिनिटांत ती सत्तरच्या खाली असेल. बाहेर पडताना, गाडी चालवायच्या आधी, बाणाकडे आधी बघा.

चौदा दिवसांनंतर ॲप एक अहवाल काढून देतं. त्यात बरंच काही असतं, पण तीनच जागा बघितल्या तरी चालेल.

पहिली, ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा किती वेळ गेला. बहुतेक मोठ्या माणसांसाठी २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेलं उद्दिष्ट ७० टक्क्यांच्या वर, म्हणजे दिवसाचे जवळजवळ सतरा तास. सत्तरच्या खाली चार टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम तासभर. चोपन्नच्या खाली एका टक्क्यापेक्षा कमी. वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांसाठी पट्टा तोच, पण मागणी सौम्य: अर्धा दिवस पट्ट्यात असला तरी पुरे, मात्र सत्तरच्या खाली एक टक्काही नको. आईच्या बाबतीत डॉक्टरांनी हेच सांगितलं, "यांची शुगर २०० झाली तर मी शांत झोपेन, ६० झाली तर नाही." टाइप वन असलेल्या गरोदर बायकांचा पट्टा आणखी अरुंद, ६३ ते १४०.

माझा पहिला अहवाल ४९ टक्के होता.

दुसरी जागा, चौदा दिवस एकावर एक ठेवून काढलेला आलेख. मधली जाड रेघ म्हणजे तुमचा नेहमीचा दिवस, आणि भोवतालचा फिकट पट्टा म्हणजे त्या वेळची चढउतार. पट्टा जिथे फुगलेला, तिथे रोज काहीतरी वेगळं घडतंय. माझा संध्याकाळी साडेसहा ते आठ असा फुगलेला होता. काही दिवस खारी, काही दिवस नाही. पहाटे चार ते सात काहीही न खाता रेघ चढत असेल तर ती बहुतेक पहाटेच्या हार्मोन्सची करामत असते. त्यावर उपाशी राहून उपाय होत नाही, डॉक्टरांशीच बोलावं लागतं.

तिसरी, जीएमआय. चौदा दिवसांच्या सरासरीवरून एचबीएवनसी किती असावं याचा तो अंदाज असतो. माझी सरासरी १९०, जीएमआय ७.९. लॅबचा ८.२. एवढा फरक असतोच. फारच तफावत असेल तर ती डॉक्टरांना दाखवा, वर सांगितलेलं लोह वगैरे तपासावं लागेल. आणि सेन्सर मध्येच पडला, फोन घरी राहिला, असं होऊन निदान ७० टक्के वेळचा डेटा नसेल तर अहवालावर फार विश्वास नको. काही सेन्सर स्वतःकडे आठच तासांचं जपून ठेवतात. स्कॅन करावा लागणारा असेल तर झोपायच्या आधी आणि उठल्यावर फोन दंडाला लावायला विसरू नका.

रात्री दोनला अलार्म वाजला

आईच्या पहिल्या सेन्सरची पाचवी रात्र. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन किंचाळला: ५८. मी उठेपर्यंत कॅनडातून धाकट्या भावाचा फोन, "ताई, आईचं तीन पॉइंट दोन दाखवतंय, उठव तिला!" तिकडे, ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियातही, शुगर वेगळ्या एककात मोजतात. तिकडचा आकडा १८ ने गुणला की आपला येतो, हे परदेशी बसलेल्या सगळ्यांनी पाठ करून ठेवावं.

आईला हलवलं. "अगं झोपू दे की मला, काय झालंय?" ती चिडून म्हणाली. घाम नाही, थरथर नाही. बोट टोचलं: ११२. मग लक्षात आलं, ती सेन्सरच्याच दंडावर कुशी टाकून झोपली होती. दाबाने तिथला द्रवाचा पुरवठा मंदावतो आणि सेन्सरला साखर कमी दिसते. कूस बदलली, वीस मिनिटांत सेन्सरही १०४ वर आला. आलेखात असं खोटं लो ओळखता येतं: रेघ एकदम खड्ड्यात पडते आणि तशीच एकदम वर येते.

पण प्रत्येक अलार्म खोटा नसतो. त्याच महिन्यात दोन पहाटे आई ६५ च्या आसपास सापडली, मीटरवरही ६६. दोन्ही रात्री तिने "भूक नाही" म्हणून अर्धीच भाकरी खाल्ली होती आणि इन्सुलिन मात्र पूर्ण.

खरं लो झालं तर: १५ ग्रॅम झटपट साखर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून. पंधरा मिनिटं थांबा, बोट टोचून बघा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. नंतर काहीतरी पोटभरीचं. सेन्सर मागे राहतो, त्यामुळे त्याच्यावर बघत बसलात तर शुगर वर आलेली असूनही खालीच दिसेल, आणि तुम्ही अख्खी बरणी पाजाल. जेवणाबरोबर व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर घरची साखर, गूळ, लाडू लवकर काम करत नाहीत, कारण ती गोळी नेमकं तेच पचन थोपवते. अशा घरात ग्लुकोज पावडरच हवी. आपल्याकडे व्होग्लिबोज सर्रास दिलं जातं, म्हणून हे ठळकपणे सांगतेय. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

अलार्मच्या सेटिंगबद्दल: सुरुवातीला वरचा अलार्म २५० ला ठेवा. १८० ला ठेवलात तर दिवसातून दहा वेळा वाजेल आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही सगळेच अलार्म बंद कराल, लो शुगरचासुद्धा. फोनच्या बॅटरी सेव्हरमधून हे ॲप वगळा, नाहीतर फोन रात्री त्याला झोपवून टाकतो. आकडा किती जणांना दाखवायचा तेही ठरवा. आमच्याकडे आधी मावशीलाही दिसत होता, आणि प्रत्येक लाडवानंतर तिचा फोन यायचा. आईने वैतागून दंड झाकून घ्यायला सुरुवात केली. आता फक्त भाऊ आणि मी.

बोट कधी टोचायचंच

ग्लुकोमीटर माळ्यावर टाकू नका. अंगाला जाणवतंय एक आणि सेन्सर सांगतोय दुसरं, तेव्हा. लो झाल्यावर. पहिल्या दिवशी. बाण उभा असताना इन्सुलिनचा डोस ठरवायचा असेल तेव्हा. आणि औषधांचा गोंधळ असेल तेव्हा: लिब्रेसारख्या सेन्सरमध्ये दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी घेतलं तर आकडा खोटाच जास्त दिसू शकतो, आणि चघळायच्या गोळीत अनेकदा नेमकं ५०० असतं. दुसऱ्या काही सेन्सरना पॅरासिटामॉल चालत नाही. तापाची गोळी घेतली आणि शुगर वाढलेली दिसली म्हणून घाबरण्याआधी माहितीपत्रक उघडा.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आणखी एक. जेवणाआधी डोस घेतला, तासाभराने आलेख चढताना दिसला, म्हणून वरून आणखी चार युनिट मारले, असं करू नका. झटपट इन्सुलिनही सुमारे चार तास अंगात काम करत असतं. दोन डोस एकत्र आले की मध्यरात्री पुन्हा अलार्म, या वेळी खरा.

काढताना आणि नंतर

मुदत संपली की तो आपोआप थांबतो. कडेला जरा खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा, मग सावकाश सोला. तार चकतीबरोबर आली ना ते बघा. खाली लाल गोल खूण दिसते, ती दोन-चार दिवसांत जाते. फोड किंवा पाणी आलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, काहींना त्या चिकट पदार्थाची ॲलर्जी असते. पुढचा दुसऱ्या दंडावर. चकतीत छोटी बॅटरी असते, म्हणून ई-कचऱ्यात, आणि सुईचं यंत्र उघड्या कचऱ्यात टाकू नका, सफाई कामगाराच्या हाताला लागतं.

डॉक्टरांकडे अहवालाची पीडीएफ आदल्या दिवशीच पाठवा आणि वही बरोबर न्या. नुसता आलेख पाहून ते डोस वाढवतील, वही पाहून कदाचित जेवणाची वेळ बदलतील. मनाने गोळी किंवा युनिट कमी-जास्त करू नका. आम्ही गेलो तेव्हा आईचं रात्रीचं इन्सुलिन त्यांनी दोन युनिटनी उतरवलं आणि भूक नसेल त्या रात्री काय करायचं ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. ती चिठ्ठी फ्रीजला चिकटवली आहे. माझी एकही गोळी वाढली नाही. रात्रीचं जेवण आठला, आणि चहाबरोबर मूठभर चणे. तीन महिन्यांनी लावलेल्या दुसऱ्या सेन्सरवर ४९ चे ६६ टक्के झाले. सत्तरला अजून चार कमी आहेत, आणि ते चार कुठे अडकलेत तेही आलेखात दिसतंय: रविवार दुपार, बिर्याणी आणि त्यानंतरची झोप.